ज्यांना खिसा नसतो त्यांचं कार्ड

दौंड तालुक्यातल्या राहू गावच्या बापूसाहेब हंबीरांना लहान काही म्हणून सोसायचं नाही. घराचं फाटक एवढं, की उसाची भरलेली ट्रॉली कुठं न घासता आत यावी. देव्हाऱ्यातली समई कमरेला लागणारी. वाढदिवसाचा फ्लेक्स तर इतका मोठा, की एका वर्षी तो वाऱ्यानं सुटून शेजारच्या कांदाचाळीवर जाऊन पडला आणि त्या गड्यानं पुढचा अख्खा पावसाळा आपला कांदा त्याच फ्लेक्सखाली कोरडा ठेवला. दूध संस्थेचे चेअरमन, भावकीत वडीलधारे, बोलायला मोकळे, खर्चाला सढळ. अशा माणसाच्या सुनेचं व्हिजिटिंग कार्ड चारचौघांसारखं साडेतीन बाय दोन इंचांचं कसं चालेल?

सून म्हणजे तेजश्री. जनावरांची डॉक्टर. माहेर भीमेपलीकडचं, शिरूर तालुक्यातलं निमोणे, शिक्षण शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात. लग्न होऊन राहूत आली आणि फाटकाजवळच्या खोलीत तिनं आपला दवाखाना मांडला. अडलेलं वासरू फिरवताना तिचा हात कोपराच्या वर आत गेलेला असायचा आणि तोंडानं ती गायीच्या मालकिणीला शांतपणे सांगायची, 'मामी, घाबरू नका, पाय सापडला.' तिला स्वतःच्या हाताविषयी कधी शंका आली नाही. ज्याला काम येतं त्याला ती येत नसते.

अडचण एकच होती. फोन वाजत नव्हता. लोक वाईट नव्हते, सवयीचे होते. गाय माजावर आली, रेतन करून घ्यायचं झालं की बोट आपोआप पलीकडच्या गावच्या एका जुन्या कंपाउंडरच्या नंबरावर जायचं. तो कधी संध्याकाळी यायचा, कधी दुसऱ्या दिवशी. गायीचा माज काही पाहुण्यासारखा वाट बघत बसत नाही. तो हुकला की पुढचे एकवीस दिवस हात चोळत बसायचं. हे सगळ्यांना कळत होतं, पण सवय ती सवय. जे थोडे फोन हंबीरांच्या घरी यायचे, ते बापूसाहेबांना यायचे. 'चेअरमनसाहेब, तुमच्या सूनबाईला जरा सांगता का?' असं त्यातल्या एखाद्यानं म्हणावं, आणि बापूसाहेबांनी ते संध्याकाळपर्यंत विसरून जावं.

तेजश्रीचा नवरा विक्रम रांजणगावच्या एमआयडीसीत होता. तिथल्या एका पशुखाद्याच्या कंपनीत डॉक्टरची जागा निघाल्याचं त्यानं सांगितलं. ऑफिस, एसी, शनिवार-रविवार सुट्टी. त्यानं आग्रह केला नाही, पण जागाही विसरला नाही. शेवटी तेजश्रीनंच मुदत घातली. "दिवाळीपर्यंत बघते," ती म्हणाली. "तोवर फोन वाजायला लागला नाही, तर जाते कंपनीत." बोलून गेली खरी, पण तो विचार तिला पटत नव्हता. खुर्चीत बसून खाद्याच्या पोत्यांचे गोडवे गायला ती डॉक्टर झालेली नव्हती. तिला गोठाच हवा होता.

श्रावणात दूध संस्थेची वार्षिक सभा होती. बापूसाहेबांनी जेवता जेवता जाहीर केलं, "सभेत परत्येक सभासदाच्या हातात तेजश्रीचं कार्ड पडलं पायजे. उद्याच शिरूरला जाऊ."

शिरूरच्या जुन्या पेठेत सिद्दीकभाईंचा छापखाना होता. हंबीरांच्या घरातल्या लग्नपत्रिका, बारशाची, वास्तुशांतीची आमंत्रणं, सगळं तिथंच छापलेलं. आता कॉम्प्युटरवर त्यांची मुलगी जास्मिन बसायची आणि सिद्दीकभाई कटिंग मशीन सांभाळायचे. जास्मिननं एक नमुना पुढं ठेवला. "डॉक्टर, हा नेहमीचा साइज. साडेतीन बाय दोन. पाकिटात बसतो, सगळे हाच घेतात."

बापूसाहेबांनी तो दोन बोटांत उचलून उलटासुलटा केला. "ह्ये? ह्ये तर येष्टीचं तिकीट झालं."

तेजश्रीच्या मनात भलतंच होतं. तिची एक मैत्रीण पुण्यात कुत्र्यामांजरांचा दवाखाना चालवायची. तिचं कार्ड निमुळतं, नेहमीच्या कार्डाच्या निम्म्या उंचीचं, पांढऱ्यावर राखाडी अक्षरं. तेजश्रीला ते फार आवडलेलं. तिनं मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला.

"आन् ही तर उदबत्तीच्या पुड्याची कड," बापूसाहेब म्हणाले. "सरका. जास्मिन, लिवून घे. सगळ्यात वर कुलदैवत. खाली माझा फोटो, मार्गदर्शक म्हणून. शेजारी व्हाइस चेअरमनचा."

"त्यांचा कशाला, आबा?" तेजश्री म्हणाली.

"त्याचं नाव राह्यलं, तर त्यो सभेत ताळेबंद मंजूर व्हऊ देईल व्हय?"

आपल्याकडं माणूस जेवायचं राहिलेलं विसरतो, नाव राहिलेलं विसरत नाही. चुलत्याच्या घरच्या लग्नपत्रिकेत 'आपले नम्र'च्या रांगेत धाकट्या चुलतभावाच्या खाली आपलं नाव आलं, म्हणून खुद्द बापूसाहेबांनी त्या चुलत्याच्या घराचा उंबरा चार वर्षं ओलांडला नव्हता. त्यामुळं एकाचं नाव घातलं की दुसऱ्याचं घालावं लागे, दुसऱ्याचं घातलं की त्याच्या मेव्हण्याचं. विक्रम आला, विक्रमचे मामा आले, सरपंच आले, माजी सरपंच तर आधी आले. बैलपोळ्याला सजवलेल्या खिलारी जोडीचा फोटो आला. कार्ड वाढत वाढत पोस्टकार्डाएवढं झालं, मग त्याच्याही पुढं गेलं.

"आबा, आता हे कार्ड राहिलं नाही," जास्मिन हसू दाबत म्हणाली. "पत्रिका झाली."

"मंग पत्रिकाच कर. घडीची. सोनेरी कड लाव."

डॉक्टरचं नाव आतल्या पानावर आलं. फोन नंबर सगळ्यात खाली, एका कोपऱ्यात, 'आपले कृपाभिलाषी'च्या पायाशी बसला. तेजश्री म्हणाली, "नंबर तरी मोठा करू या." त्यावर बापूसाहेबांनी हात उडवला. "नंबर कुनाला लागतोय? आपलं घर काय कुनाला ठाव न्हाई?"

ती अडून बसू शकली असती. पण तिनं सासऱ्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं. एखाद्यानं सुनेच्या अंगाला शेणामुताचा वास येतो म्हणून नाक मुरडलं असतं. हा माणूस तिला गावभर मिरवायला निघाला होता, आणि त्याला कोण आनंद झालेला. तिला ते मोडवेना. ती गप्प बसली, आणि ही तिची चूकच झाली.

सभा मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात झाली. कार्डाचं कौतुक ताळेबंदापेक्षा जास्त झालं. उकाडा मरणाचा होता, त्यामुळं वारा घ्यायला कार्ड फार सोयीचं पडलं. भजी आली तेव्हा काहींनी ती कार्डावरच घेतली, आणि तेलानं खिलारी जोडी आरपार दिसायला लागली. पण बहुतेकांनी ते मानानं घरी नेलं. व्हाइस चेअरमन स्वतःचा फोटो दहा जणांना दाखवून आले. बापूसाहेब त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवले.

मग फोन वाजायला लागले. 'चेअरमनसाहेब, कार्ड लई भारी हां!' 'सोनेरी कड तर नादच न्हाई!' सगळे बापूसाहेबांना. गायीसाठी एकही नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. विक्रमनं एकदा सहज विचारावं तसं विचारलं, "कंपनीवाले विचारत होते, काय सांगू?" तेजश्री म्हणाली, "दिवाळी यायची आहे अजून." पण रात्री तिला झोप लागली नाही.

एका संध्याकाळी दूध घालायच्या वेळी डेअरीवर तिला सिंधूबाई भेटल्या. नदीकडच्या वस्तीवर राहणाऱ्या. चार गाई, सगळं गोठ्याचं काम एकट्या करणाऱ्या. तोंड पडलेलं.

"काय झालं, मामी?"

"काय व्हायचं, डॉक्टरीणबाई! परवा पहाटं तांबडी गाय नुसती हंबरत व्हती. माज सोन्यावानी. मालक उसाला पानी द्याया गेल्यालं. मला पटदिशी तुमचं कार्ड आठवलं."

"मग फोन का नाही केला?"

"कार्ड शोकेसमदी हाय की! शोकेसला कुलूप. नातवंडं कपबशा काढत्यात म्हणून मालकांनी लावलंय. आन् किल्ली त्येंच्या करदोट्याला." सिंधूबाईंनी कपाळावर हात मारला. "मंग त्या कंपाउंडरचा नंबर पाठ व्हता, त्येला लावला. त्यो काल दुपारी आला. तवा माज कुटला राहतुया?"

तेजश्रीला आधी हसू आलं आणि मग राग आला, सिंधूबाईंचा नाही, स्वतःचा. कार्ड हरवलं नव्हतं, फाटलं नव्हतं, उलट ते घरातल्या सगळ्यात मानाच्या जागी जाऊन बसलं होतं. आपल्याकडं ज्या वस्तूचा मान मोठा, ती वापरायची नसते. लग्नातला डिनर सेट, पाहुण्यांची गादी, सासऱ्यांनी छापलेलं कार्ड. सगळं काचेमागं.

त्या रात्री तिनं नीट विचार केला. गाय माजावर आलेली पहिल्यांदा कुणाला कळतं? पहाटे धारेला बसणाऱ्या बाईला. गाय वैरण टाकते, हंबरते, दुसरीच्या अंगावर चढते, हे बापयांना कळेस्तोवर ऊन वर येतं. मग कार्ड त्या बाईजवळ पाहिजे. आणि छापखान्यातला नेहमीचा साइज तर पुरुषाच्या पाकिटाच्या मापानं झालेला. साडीला खिसा नसतो, हे त्या मापाला कुणी सांगितलेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिनं उरलेल्या सोनेरी कार्डांचा गठ्ठा काढला, कात्री घेतली आणि वेगवेगळ्या मापांचे तुकडे कापायला बसली. एवढ्यात सासूबाई, मुक्ताबाई, चहा घेऊन आल्या आणि थबकल्या.

"अगं बया! ह्येंचा गळा कापलास की गं!"

तेजश्रीनं खाली बघितलं. कात्री बरोबर मार्गदर्शकांच्या उपरण्यावरून गेली होती. "आई, चुकून..."

"काप, काप. मला एवढ्या वर्सांत जमलं न्हाई." मुक्ताबाई हसत हसत शेजारी टेकल्या. "पर ह्ये चाललंय काय?"

तेजश्रीनं सगळं सांगितलं. मुक्ताबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बडा घर पोकळ वासा झालं म्हंजी कार्डाचं. मला आधी इचारायचं की. आमी बायका काय जवळ ठिवतो, काय न्हाई, ते त्या छापखान्यात बसून कसं कळंल?"

"मग तुम्ही सांगा. बटव्यात ठेवाल?"

"बटव्यात तंबाकू. भिजतंय, कुजतंय."

"मोबाइलच्या कव्हरात?"

"पोरं दिवसभर त्यो मोबाइल उघडून बसत्यात. कव्हर एकीकडं, मोबाइल एकीकडं."

संध्याकाळी दोघी मिळून डेअरीवर गेल्या. मुक्ताबाईंच्या हातात किटली, तेजश्रीच्या पिशवीत कापलेले तुकडे. रांगेत उभं राहून तेजश्री बायकांचे हात बघत राहिली. आणि तिला दिसलं. रोज दिसत होतं, म्हणूनच आजवर दिसलं नव्हतं.

गेल्या वर्षी संस्थेनं दूध मोजायला कॉम्प्युटरचा काटा आणला, तेव्हा प्रत्येक सभासदाला एक प्लास्टिकचं कार्ड दिलं होतं. काट्याला लावलं की नाव आपोआप उठायचं. ते हरवू नये म्हणून दोरी लावलेलं पारदर्शक पाकीट दिलेलं, आणि एकूणएक बायकांनी ते पाकीट किटलीच्या कडीला बांधलेलं होतं. किटली पहाटे गोठ्यात, संध्याकाळी गोठ्यात. धार काढताना हाताच्या अंतरावर. पाकिटाच्या एका बाजूनं दुधाचं कार्ड दिसायचं. दुसरी बाजू रिकामी.

"आई, किटली द्या जरा इकडं."

तिनं निमुळता तुकडा पाकिटात सरकवला. तो तिरका होऊन तळाशी जाऊन बसला, अर्धा दुधाच्या कार्डामागं गेला. पुण्याच्या मैत्रिणीचं कार्ड पुण्यात शोभत होतं. ते तिनं मनातून काढून टाकलं. मग जास्मिनकडून आणलेला साडेतीन बाय दोनचा नमुना घातला. तो लांबीला अगदी थोडा जास्त, पण तेवढ्यानं पाकिटाचं तोंड बंद होईना. तोंड उघडं राहिलं की पाणी, दूध, सगळं आत जाणार. रांगेतल्या बायका बघायला जमल्या. "काय करता हो डॉक्टरीणबाई?" कुणीतरी विचारलं. "माप घेतेय," तेजश्री म्हणाली. "कुनाचं?" "तुमचं." बायका हसल्या.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच स्कूटीवरून शिरूरला गेली. सासूबाईंचं रिकामं पाकीट तिनं जास्मिनच्या टेबलावर ठेवलं. "ह्यात बसलं पाहिजे. तोंड बंद झालं पाहिजे. सूतभरसुद्धा जास्त नको."

जास्मिननं दुधाच्या कार्डाचं माप घेतलं. "हा एटीएमचा साइज झाला. पंच्याऐंशी बाय चोपन्न मिलिमीटर. कोपरे गोल कापू, म्हणजे पाकीट फाटणार नाही. आणि जाड कागद नको. लॅमिनेशननं फुगतं, दोन कार्डं एकात जायची नाहीत."

"आणि पाणी लागलं तर?"

"दोन्हीकडून लॅमिनेशन. कडा थोड्या बाहेर ठेवून सील करू, आणि ती कड धरूनच माप बसवू. चालेल?"

"चालेल. गायीचं चित्र घाल, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी. आणि नंबर एवढा मोठा, की पहाटे गोठ्यातल्या बल्बखाली म्हातारीला दिसला पाहिजे."

"नावं कुणाकुणाची?"

"एकच. डॉ. तेजश्री. खाली, गाई-म्हशींची डॉक्टर. बास."

पलीकडं कटिंग मशीन थांबलं. सिद्दीकभाई चष्मा कपाळावर चढवून पुढं आले. "बापूसाहेबांना इचारलंय का, पोरी?"

"नाही, चाचा. सांगणार आहे."

"आडनाव तरी घाल. मी त्येंना चांगलं वळखतो. शिव्या मला पडत्याल."

"तुमचं नाव पुढं येऊ देणार नाही," तेजश्री म्हणाली. सिद्दीकभाईंनी मुलीकडं बघितलं, मुलीनं प्रिंटची कमांड देऊन टाकली होती.

कार्डं वाटायच्या आधी तिनं पहिलं कार्ड बापूसाहेबांच्या हातात दिलं. चोरून काही करायचं नाही, हे तिनं येतानाच ठरवलं होतं. बापूसाहेब ओसरीवर बसले होते. त्यांनी कार्ड जवळ धरलं, लांब धरलं, उलटं करून पाहिलं.

"माझं नाव राह्यलं ह्येच्यात."

"राहिलं नाही, आबा. मी घातलं नाही."

आतून येणारा भांड्यांचा आवाज थांबला, म्हणजे मुक्ताबाई कान देऊन होत्या.

"आन् आडनाव? हंबीर म्हणायला बी लाज वाटती का?"

"लाज नाही, आबा. हंबीर म्हटलं की लोक तुम्हाला फोन करतात. तुमचं नाव एवढं मोठं आहे, की माझं त्याच्यामागं दिसतच नाही. मला गोठ्यात बोलवायला पाहिजे, आणि मला म्हणून बोलवायला पाहिजे."

बापूसाहेबांनी कार्ड टेबलावर ठेवलं, चप्पल घातली आणि निघून गेले. त्या दिवसापासून ते सुनेशी बोलायचे बंद झाले. चहा डेअरीवर घ्यायचे. जेवायला बसले तर भिंतीकडं तोंड करून. मीठ हवं असलं तरी हवेला सांगायचे, 'मीठ कमी हाय कुनाच्या तरी हातचं.' तेजश्रीला वाईट वाटलं, फार वाटलं. ह्या माणसानं तिला मुलगी मानलं होतं. पण कार्ड बदलायचं तिच्या एकदाही मनात आलं नाही.

"रुसू दे," मुक्ताबाई म्हणाल्या. "चुलत्यावर चार वर्सं रुसलं व्हतं, मी काय मेले का तवा? तू तुझं काम कर."

तिनं काम केलं. सकाळी आणि संध्याकाळी डेअरीवर उभी राहून एकेका किटलीचं पाकीट उघडून स्वतःच्या हातानं कार्ड आत सरकवलं. आजूबाजूच्या गावांच्या डेऱ्यांवर गेली, तिथल्या किटल्यांनाही तसलीच पाकिटं होती. माहेरी गेली तेव्हा निमोण्यालाही दिली. कुणाला भाषण दिलं नाही. "धारेला बसलात की हे समोर असेल. गाय काही वेगळं वागली की तेव्हाच फोन करायचा," एवढंच सांगितलं.

पहिला फोन सिंधूबाईंचाच आला, पहाटे, अंधार असताना. गाय तीच, तांबडी. तेजश्री जाऊन आली. दोन दिवसांनी दुसऱ्या वस्तीवरून, मग नदीकडून. एकीची म्हैस अडली होती, एकीच्या गायीची कास दगडासारखी झाली होती. फोन करणाऱ्या सगळ्या बायका होत्या आणि सगळ्या एकाच पद्धतीनं बोलायच्या, 'किटलीवरच्या डॉक्टरीणबाई का?' नवरात्र संपेपर्यंत तिला दुपारचं जेवण वेळेवर मिळेनासं झालं. दसऱ्याला तिनं विक्रमला सांगितलं, "कंपनीला कळव, त्यांनी दुसरं माणूस बघावं." विक्रम म्हणाला, "मी मागच्या आठवड्यातच कळवलंय. पहाटे गाडी चालू झाल्याचा आवाज मलाही येतो."

बापूसाहेब मात्र बोलले नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर ते दौंडला तहसील कचेरीत काही कामासाठी गेले. संध्याकाळी परत आले ते ओसरीवर न थांबता थेट दवाखान्याच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. तेजश्री सिरिंजा आवरत होती. इतक्या दिवसांनी ते आपणहून समोर आलेले, म्हणून ती उठून उभी राहिली.

"बस," बापूसाहेब म्हणाले. स्वतःही रुग्णांच्या मालकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसले. मग म्हणाले, "कचेरीबाहेर झाडाखाली एक बाई भेटली. लांबच्या गावची. बँकेच्या कामाला आल्याली. मला काय वळखत न्हवती."

तेजश्रीनं हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

"बोलता बोलता जनावरांचं निघालं. मी आपलं म्हणलं, आमच्याकडं बी गाया हायेत. तर ती म्हणती कशी, 'आप्पा, कवा बी अडचण आली तर ह्या बाईला बोलवा.' आन् पिशवीतनं दुधाच्या कार्डाचं ते पाकीट काढलं. तिची गाय अडली व्हती म्हणं. रात्रभर. मालकानं आशा सोडल्याली. तू गेलीस आन् गाय बी वाचवली, कालवड बी." बापूसाहेबांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "हातवारे करून सांगत व्हती. तू कशी बसलीस, काय बोललीस, घाम कसा गळत व्हता. सांगता सांगता रडाया लागली ती."

"हो, आबा. आठवते मला ती."

"मी म्हणलं, द्या ते कार्ड मला. तर देईना. 'एकच हाय,' म्हणती. 'न्यायचं न्हाई. नंबर लिवून घ्या आन् द्या माघारी.' उभी राहिली डोक्यावर, लिवून हुईस्तोवर. कागद न्हवता." त्यांनी डावा हात पुढं केला आणि मूठ उघडली. तळहातावर बॉलपेननं लिहिलेला नंबर होता, घामानं एक-दोन आकडे पसरलेले. "बरोबर हाय का बघ."

तेजश्रीनं पाहिलं. तिचाच नंबर, तिच्याच सासऱ्यांच्या हातावर. "बरोबर आहे, आबा," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "तिला सांगितलं नाही, 'ती माझी सून आहे' म्हणून?"

"न्हाई."

"का?"

बापूसाहेबांनी तो हात गुडघ्यावर उघडाच ठेवला.

"सांगणार व्हतो. तोंडाशी आलं व्हतं," ते म्हणाले. "पर मी माझं नाव सांगितलं असतं, तर ती तुझं सांगायची थांबली असती. आन् मला ऐकायचं व्हतं."